पार्टी, टोकन आणि कारपेट: महारेराच्या परीक्षेला बसणाऱ्या ताईंना

*प्रश्न: माझं वय 49, शिक्षण बारावी कॉमर्स. मिस्टर बदलापुरात इस्टेट एजंट होते. ऑफिस त्यांचं, पण पार्टीला साइटवर नेणं, चाव्या सांभाळणं, फोन घेणं हे 14 वर्षं मीच केलं. मागच्या वर्षी ते अचानक गेले. महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाची, नोंदणी त्यांच्या नावावर होती. काम चालू ठेवायचं तर मला स्वतःला परीक्षा द्यावी लागेल. मुलीनं पैसे भरले, 20 तासांचं ट्रेनिंग झालं, पण निम्मं डोक्यावरून गेलं. प्रवर्तक, अलॉटी, अमुक कलम, तमुक पोटकलम! परीक्षा 7 आठवड्यांवर आली आहे आणि पुस्तक उघडलं की पोटात गोळा येतो. दीर म्हणतात, ह्या वयात कशाला, गाळा भाड्यानं देऊन टाका. ओळखीचे एक एजंट म्हणतात, माझ्या नंबरवर काम करा, कमिशन निम्मं-निम्मं. मी काय करू? ह्यांची व्यवहारांची डायरी अजून टेबलाच्या खणात आहे, ती उघडायचा धीर होत नाही.*

ताई,

परीक्षा द्या. दिरांना तुमची काळजी आहे हे मला दिसतं, पण 14 वर्षं ज्या बाईनं पावसापाण्यात लोकांना चौथ्या-पाचव्या मजल्यापर्यंत चढवून घरं दाखवली, तिनं आता नुसतं भाडं मोजत घरी बसावं असं मला वाटत नाही. मी ठाण्यात 22 वर्षं हेच काम केलं. महारेरानं जानेवारी 2023 मध्ये एजंटांना प्रशिक्षण आणि सक्षमता प्रमाणपत्र सक्तीचं केलं, तेव्हा मी 57 वर्षांचा होतो. परीक्षा केंद्रावर माझ्या शेजारी माझ्या मुलापेक्षा लहान पोरगा बसला होता. हात थरथरत होते माझे, खोटं कशाला सांगू. पण प्रश्न वाचायला लागलो आणि लक्षात आलं की हे सगळं आपल्याच धंद्यातलं आहे, फक्त कायदा त्याला वेगळ्या नावानं हाक मारतो.

आधी त्या निम्म्या-निम्म्या कमिशनचं बघू, कारण ते अभ्यासाइतकं थांबू शकत नाही. नाही म्हणून सांगा, आजच. नोंदणी माणसाच्या नावावर असते. ती नवऱ्याकडून बायकोकडे येत नाही आणि ओळखीच्याकडून उसनीही मिळत नाही. नोंदणी नसताना बिल्डरच्या प्रकल्पातलं घर विकून द्यायला मदत केली, तर रेरा कायद्याच्या, म्हणजे ज्यावरून महारेरा आलं त्या स्थावर संपदा कायद्याच्या, कलम 62 प्रमाणे दिवसाला 10,000 रुपये दंड होऊ शकतो, आणि तो घराच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत वाढत जातो. तुमच्याकडच्या 32 लाखांच्या वन बीएचकेचा हिशेब करा. 5 टक्के म्हणजे 1 लाख 60 हजार, म्हणजे 16 दिवसांत मर्यादा गाठली. त्या व्यवहारात तुमच्या वाट्याला आलेलं निम्मं कमिशन किती असेल ते तुम्हीच मांडा. बघा, हा हिशेब करता करता परीक्षेतलं एक कलमही पाठ झालं.

तोवर घर कसं चालवायचं, हा प्रश्न तुम्ही पत्रात विचारलेला नाही, पण तो आहेच. रेरातली एजंटची व्याख्या विक्रीच्या व्यवहारांपुरती आहे, भाड्याचं काम त्यात येत नाही. बदलापुरात भाड्याची घरं शोधणारे कमी नाहीत. लिव्ह अँड लायसन्सचे करार करून द्या, पण नोंदणीकृतच. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. नुसत्या स्टॅम्पपेपरवर 11 महिन्यांचं लिहून दिलं की झालं, असं मालक तुम्हाला सांगतील. त्यांना समजावून सांगा. सात आठवडे ह्यावर नक्की निघतील.

आता अभ्यास. तुम्हाला सगळ्यात मोठी अडचण वाटते ती शिक्षणाची. मला वाटते ती वेगळी आहे: तुम्हाला धंदा फार चांगला येतो. अनुभवी माणूस ह्या परीक्षेत चुकतो तो बाजारातलं उत्तर देऊन. प्रश्न वाचल्या वाचल्या तोंडात जे उत्तर येतं ते साइटवर ऐकलेलं असतं, आणि पेपरात कायदा काय म्हणतो ते हवं असतं. म्हणून पाठांतराची वही बाजूला ठेवा आणि एका कोऱ्या वहीत मधोमध रेघ मारा. डावीकडे आपण काय म्हणतो, उजवीकडे कायदा काय म्हणतो.

पहिला शब्द घ्या पार्टी. कायद्यात तो अलॉटी. ज्याला बिल्डरनं घर किंवा प्लॉट दिला तो अलॉटी. त्याच्याकडून पुढे ज्यानं विकत घेतलं, तोही अलॉटी. पण त्याच घरात भाड्यानं राहणारा मात्र अलॉटी नाही. बिल्डर म्हणजे प्रवर्तक, आणि इथं कायद्याचं जाळं आपल्या समजुतीपेक्षा मोठं आहे. इमारत बांधणारा तर त्यात येतोच, प्लॉट पाडून विकणाराही येतो, आणि म्हाडासारखी संस्थाही. आपण ज्याला ओसी म्हणतो ते भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला. ओसी आलेली नसताना फर्निचरसाठी चावी देतात, त्याला आपण सर्रास पझेशन म्हणतो. कायद्यात ताब्याची गाठ ओसीशी बांधलेली आहे: ओसी मिळाल्यापासून 2 महिन्यांत घर घेणाऱ्यानं ताबा घ्यायचा असतो.

मराठीत अभ्यास करणाऱ्यांची एक हमखास गफलत होते, ती आधीच सांगून ठेवतो. चटई क्षेत्र म्हणजे कारपेट एरिया. चटई क्षेत्र निर्देशांक म्हणजे एफएसआय. एक आहे घराच्या आतलं माप, दुसरं आहे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण. घाईत वाचलं की दोन्ही सारखेच दिसतात. 'निर्देशांक' हा शब्द दिसला की बोट ठेवून पुन्हा वाचा.

कारपेटवर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण त्यानं माझी झोप उडवली होती. रेरा यायच्या आधीची गोष्ट. एका नव्या इमारतीत मी एका शिक्षक दांपत्याला घर घेऊन दिलं. छापील पत्रकात जो आकडा होता तोच मी त्यांना छातीठोकपणे सांगितला. राहायला गेल्यावर त्या बाईंनी माहेरचं लोखंडी कपाट बेडरूममध्ये लावायला घेतलं तर ते बसेना. त्यांनी टेप मागवली, सगळं घर मोजलं, आणि मला बोलावून घेतलं. ओरडल्या नाहीत त्या. नुसता कागद पुढे केला. सांगितलेल्या आणि मोजलेल्या आकड्यात 80 चौरस फुटांचा फरक होता. मी बिल्डरकडे बोट दाखवू शकलो असतो, पण घर त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून घेतलं होतं. कारपेट म्हणजे नक्की काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि माहीत करून घेण्याची गरजही वाटली नव्हती. ती बोच अजून आहे.

म्हणून सांगतो, ही व्याख्या पुस्तकातून शिकू नका, टेप घेऊन शिका. रविवारी मुलीला सोबत घ्या आणि स्वतःचं घर मोजा. समजा हॉल 10 बाय 16 आला, म्हणजे 160. बेडरूम 10 बाय 11, म्हणजे 110. स्वयंपाकघर 8 बाय 9, म्हणजे 72. न्हाणीघर आणि संडास मिळून 28, पॅसेज 15. बेरीज 385. आता मोजायच्या राहिल्या त्या मधल्या भिंती, म्हणजे हॉल आणि बेडरूमच्या मधली, स्वयंपाकघराच्या कडेची वगैरे. त्यांनी व्यापलेली जागा समजा 20 चौरस फूट निघाली. ती कारपेटमध्ये धरायची. म्हणजे 405. बाहेरच्या भिंती धरायच्या नाहीत, पाइप जाणारी डक्ट धरायची नाही, आणि तुमच्या एकट्याच्या वापराची बाल्कनी किंवा उघडी गच्ची तीही धरायची नाही. बाजारात बाल्कनी धरून कारपेट सांगणारे आजही भेटतात. 405 ला 10.764 नं भागा, 37.6 चौरस मीटर आले. कायदा चौरस मीटरमध्ये बोलतो, आपण फुटात, त्यामुळे हा भागाकार हाताला बसला पाहिजे. एकदा घर असं मोजलंत की त्या व्याख्येवरचा कुठलाही प्रश्न तुम्हाला फसवू शकणार नाही. आतली भिंत आत, बाहेरची बाहेर.

आकडे लक्षात राहत नाहीत असं तुम्हाला वाटतंय, पण कुठल्या मजल्याला काय भाव फुटला हे तुम्हाला नक्की तोंडपाठ असणार. आकड्याला व्यवहार चिकटला की तो राहतो. प्रकल्पाची नोंदणी कुठे लागत नाही? जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा घरं 8 पेक्षा जास्त नसतील तिथं. तुमच्या भागात जमिनीचं माप अजून गुंठ्यात सांगतात. गुंठा 1089 चौरस फुटांचा. पाच गुंठे म्हणजे 5445 चौरस फूट, म्हणजे जवळजवळ 506 चौरस मीटर. पाच गुंठ्यांचा प्लॉट फक्त सहा चौरस मीटरनं ती रेघ ओलांडतो! 500 हा आकडा आता विसरून दाखवा.

टोकनचं तसंच. आपल्याकडे टोकन, म्हणजे बुकिंगची आगाऊ रक्कम, किती हे पार्टीच्या खिशावर आणि बिल्डरच्या घाईवर ठरतं. कायद्याचं कलम 13 सांगतं, नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. 32 लाखांच्या घराला 3 लाख 20 हजार. जुने जाणते इथं 20 टक्के उत्तर देतात, कारण 1963 च्या मोफा ह्या जुन्या फ्लॅट-मालकीच्या कायद्यात ती मर्यादा 20 होती आणि त्यांच्या डोक्यात तीच बसली आहे. पर्यायांमध्ये 20 दिसले तर हात आखडता घ्या. आणि घर घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के वेगळ्या बँक खात्यात जायला हवेत, ते फक्त त्या प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करायचे. एका साइटचे पैसे दुसऱ्या साइटवर वळवले म्हणून रखडलेल्या इमारती तुम्ही डोळ्यांनी बघितल्या असतील. त्यातलीच एक आठवा आणि 70 तिच्या नावावर लिहून ठेवा.

ताबा दिल्यापासून 5 वर्षांत बांधकामात दोष निघाला तर प्रवर्तकानं 30 दिवसांत, पैसे न घेता, दुरुस्त करून द्यायचा. ठरल्या तारखेला ताबा दिला नाही तर घर घेणाऱ्याला दोन वाटा मोकळ्या असतात: प्रकल्पातून बाहेर पडून सगळे पैसे व्याजासह परत घ्यायचे, किंवा थांबून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज घ्यायचं. आपल्या राज्यात तो दर स्टेट बँकेच्या सर्वांत जास्त एमसीएलआरवर (बँकेच्या निधीच्या खर्चावरून ठरणारा कर्जाचा दर) 2 टक्के असा धरतात. महारेराच्या आदेशावर अपील 60 दिवसांत अपिलीय न्यायाधिकरणाकडे, आणि तिथून पुढे 60 दिवसांत उच्च न्यायालयात.

तारखा दोनच पक्क्या करा. कायदा 2016 चा. काही कलमं 1 मे 2016 ला लागू झाली आणि उरलेली 1 मे 2017 ला. दोन्ही वेळा महाराष्ट्र दिन, चुकायचं कारण नाही. दुसरी तारीख 1 ऑगस्ट 2023, तेव्हापासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा झाला. ती टिळकांच्या पुण्यतिथीला जोडून टाका.

कलम 10 मात्र अक्षर न् अक्षर वाचा, कारण ते तुमचं-माझं आहे. एजंटनं काय करायचं आणि काय करायचं नाही ते तिथं आहे. ज्या प्रकल्पाला नोंदणी लागते पण ती झालेली नाही, तिथलं घर विकायला मदत करायची नाही. हिशेबाची पुस्तकं आणि कागद नीट ठेवायचे. बांधकामाच्या दर्जाबद्दल किंवा मिळालेल्या परवानग्यांबद्दल खोटं सांगायचं नाही, ज्या सेवा द्यायच्याच नाहीत त्यांची जाहिरात करायची नाही. आणि बुकिंगच्या वेळी घर घेणाऱ्याला ज्या ज्या कागदावर हक्क आहे तो कागद त्याच्या हातात पडेल हे बघायचं. इथं एक प्रश्न ठरलेला समजा: नोंदणी व्हायची आहे, पण बिल्डर म्हणतो, प्री-लाँच आहे, लोकांकडून घर घ्यायची इच्छा असल्याची नुसती पत्रं आणि चेक घेऊन ठेवा. बाजारात ह्याला कोणी पाप मानत नाही. कायद्यात नोंदणीआधी जाहिरात, बुकिंग, विक्री, विक्रीचं आमंत्रण, सगळंच बंद आहे. तसंच उघड्या पार्किंगचं. ते सामाईक जागेत मोडतं, ते वेगळं विकता येत नाही, मग पट्टे मारून नंबर घातलेले का असेनात.

सातबारा, आठ-अ, फेरफार, इंडेक्स टू ह्या कागदांमध्ये तुम्हाला मी काय शिकवणार! त्यात तुम्ही त्या पंचविशीतल्या पोरांच्या पुढे आहात. तिथं वेळ घालवू नका.

त्यापेक्षा रोज अर्धा तास महारेराच्या संकेतस्थळावर घालवा. तुम्ही ज्या साइटवर पार्टी नेली होती तिचं नाव टाकून पान उघडा. आधी दिलेली पूर्णतेची तारीख कोणती, वाढवून घेतलेली कोणती, किती घरं बुक झाली, जमिनीवर कर्जाचा बोजा आहे का, कोर्टात दावा आहे का, सगळं तिथं मांडलेलं असतं. आर्किटेक्टचा दाखला, इंजिनिअरचा दाखला, सीएचा दाखला हे तीन वेगळे कागद का लागतात ते तिथं बघितलं की कळतं: त्या वेगळ्या खात्यातून पैसे काढायचे तर किती काम झालं आणि किती खर्च झाला हे तिघांनी लिहून द्यावं लागतं. वर्गात जे डोक्यावरून गेलं ते ओळखीच्या इमारतीच्या नावासमोर बघितलं की खाली उतरतं.

परीक्षा आयबीपीएस ही संस्था घेते, संगणकावर, बहुपर्यायी प्रश्नांची. तुम्ही पत्रात माउसचा उल्लेख केला नाही, पण मी विचारतो: हात बसलेला आहे का? नसेल तर मुलीच्या लॅपटॉपला माउस जोडून घ्या आणि दहा दिवस रोज वीस मिनिटं सराव चाचण्या सोडवा. मोबाइलवर सराव करून केंद्रावर जाऊ नका, अंगठ्याची सवय तिथं कामाला येत नाही. हॉल तिकिटाबरोबरच्या सूचना आदल्या दिवशी शांतपणे वाचा, विशेषतः वेळ आणि गुणांबद्दलच्या. ओळखपत्रावरचं नाव आणि अर्जातलं नाव अक्षरशः सारखं आहे ना, ते मात्र आजच बघा. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव ह्यात बायकांची फार पळापळ होते.

कुणी पैसे भरा, पास करून देतो म्हणालं तर फोन ठेवून द्या. असे फोन मलाही आले होते.

प्रमाणपत्र हातात आलं की मग नोंदणीचा अर्ज, तुमच्या नावानं. व्यक्तीसाठी शुल्क 10,000 रुपये आणि मुदत 5 वर्षांची. ही रक्कम आत्तापासून वेगळी काढून ठेवा, भाड्याच्या कामातून जमेल तशी. गाळा विकू नका आणि भाड्यानंही देऊ नका, निदान निकाल लागेपर्यंत.

राहिली ती डायरी. ती उघडायचा धीर होत नाही असं तुम्ही लिहिलंत, आणि ते वाचून मी पत्र काही वेळ बाजूला ठेवलं. घाई करू नका. पण तुमच्याकडे ह्या परीक्षेचं सगळ्यात चांगलं पुस्तक तेच आहे. त्यातला प्रत्येक व्यवहार तुम्हाला आठवतो: कोण आलं होतं, कुठल्या मजल्याचं घर, टोकन किती घेतलं, करारनामा कधी झाला, ताबा कधी मिळाला. मुलीला शेजारी बसवा आणि तिला वाचू द्या. प्रत्येक व्यवहाराला चार प्रश्न विचारा. प्रकल्पाला नोंदणी होती का, किंवा लागत होती का? टोकन 10 टक्क्यांच्या आत होतं का? सांगितलेलं कारपेट कायद्याच्या व्याख्येतलं होतं का? चावी ओसीच्या आधी दिली की नंतर? काही उत्तरं आजच्या कायद्यात न बसणारी निघतील. त्यांचा दोष मानू नका, त्या काळात आम्ही सगळे तसेच काम करत होतो.

पहिल्या दहा व्यवहारांची उत्तरं वहीच्या उजव्या बाजूला लिहा, पानांचे फोटो काढून मला पाठवा. पार्टीची नावं आणि फोन नंबर तेवढे झाकून घ्या. मी लाल पेनानं तपासून आठवड्याभरात परत पाठवतो.